कुंपणाबाहेरचा दहावा

ठाण्याहून निघताना आईने एकच काम सांगितलं, "डॅनियलच्या थडग्यापाशी कद्दीश म्हणून ये." आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी यहुदी. कद्दीश ही आमच्यात मृतासाठी म्हणायची प्रार्थना. थोरला भाऊ डॅनियल गेल्या वर्षी ऑकलंडला वारला. त्याला मुलगा नाही, म्हणून ती माझ्याकडे आली. तिला दहा यहुदी पुरुष हजर लागतात. नऊ चालत नाहीत.

ऑकलंडच्या विमानतळावरच माझं डोकं तापलं. बुटांच्या तळव्यांना अलिबागची माती सापडली, आणि न्यूझीलंडमध्ये बाहेरची माती चालत नाही. गणवेशातल्या बाईंनी "किया ओरा" (नमस्कार) म्हणत बूट आत नेले, धुतले आणि "स्वीट ॲज" (झकास) म्हणत ओलेकच्च परत दिले. माझे बूट लहानपणी आईनेही इतके घासले नव्हते.

वहिनीचं घर फ्लॅट बुशला. तिथली सगळी घरं एकसारखी. दुसऱ्या दिवशी डेअरीतून (कोपऱ्यावरचं वाण्याचं दुकान) दूध घेऊन आलो आणि शेजाऱ्याचीच बेल वाजवली. दार उघडलं सिओनेने. हा टोंगा बेटांवरचा, निवृत्त पास्टर. चूक माझी असून तोच खूष झाला आणि त्याने कबरस्तानात पोहोचवायचं आपणहून अंगावर घेतलं.

वहिनीने आठ दिवस फोन करून ओटाहुहु, अवोन्डेल, कुठून कुठून माणसं जमवली होती. माझ्यासकट बरोब्बर दहा. माझं परतीचं विमान दुसऱ्या दिवशीचं, त्यामुळे जे काय व्हायचं ते आजच.

वाटेत मोटरवे तुंबला. सिओनेचं प्रवचन मात्र तुंबलं नाही. म्हणे, प्राचीन काळी काही यहुदी दोन अभिषिक्तांची, म्हणजे मशीहांची, वाट पाहायचे: दावीदाच्या वंशातला राजा आणि अहरोनाच्या वंशातला याजक. माझाच धर्म हा मला शिकवत होता, आणि मला ते माहीत नव्हतं, याचा जास्त राग आला.

"आम्ही म्हटलं, दोन्ही एकच, येशू," तो म्हणाला. "पण याजक अहरोनाच्या, म्हणजे लेवीच्या वंशाचा लागतो, आणि येशू दावीदाच्या, म्हणजे यहूदाच्या. मग आमच्या पहिल्या लोकांनी मलकीसदेक दाखवला. अब्राहामाला भाकर आणि द्राक्षारस देणारा जुना राजा. याजकही होता, आणि त्याचे आईबाप कोण, हे शास्त्रात कुठेच नाही!"

"म्हणजे नियम आड आला की नियमाच्या आधीचा माणूस शोधायचा."

"एक्झॅक्टली, ब्रो!" म्हणत त्याने स्टिअरिंगवर थाप मारली. याला चिडवणंही शक्य नव्हतं.

कबरस्तानात आम्ही नऊजण दादाच्या दगडापाशी उभे राहिलो. दहावा, मार्टिन नावाचा इथलाच एक म्हातारा, फाटकाबाहेर थांबला होता. वहिनी रडवेली होऊन आली. "भावोजी, ते कोहेन आहेत हो! ग्रेव्ह्जपाशी येत नाहीत म्हणे. माझ्या डोक्यातच नाही आलं."

येणार कुठून? कोहेन म्हणजे अहरोनाच्या वंशातला जन्मजात याजक. त्याला मेलेल्याचा विटाळ चालत नाही. आणि आम्हा बेने इस्राएलांत कोहेन औषधालाही नाहीत. दहाची यादी करताना हे कुणाला सुचणार?

मी तरातरा फाटकाशी गेलो. "यरुशलेमचं मंदिर पडून दोन हजार वर्षं होत आली! कुठली याजकी करताय?"

"मशीहा उद्या आला आणि मंदिराच्या सेवेला बोलावलं तर?" मार्टिन शांतपणे म्हणाला.

"उद्या माझं विमान आहे!" मी ओरडलो.

मागून सिओने म्हणाला, "दहावा मी उभा राहू? आमचा याजक तर स्वतःच कबरीत गेला होता."

मी हात जोडले. "पास्टर, कृपा करून गप्प बसा."

मार्टिनने मला खूण केली आणि कुंपणाच्या कडेने चालू लागला. चढावर झुडपांत एक फट होती. तिच्यासमोरचं गवत तुडवून तुडवून गेलं होतं.

"इथून तुमच्या भावाचा दगड दिसतो. सगळ्यांना बाहेर बोलवा."

"तुम्हाला कसं माहीत?"

"तिसऱ्या रांगेत माझी बायको आहे. पुरताना आत जायची मुभा होती. अकरा वर्षं झाली. तेव्हापासून इथूनच बघतो."

मी फाटकाकडे वळलो. बाकीच्या आठजणांना बाहेर आणलं आणि रस्त्याकडेला उभं राहून कद्दीश म्हटली. मध्येच एका ट्रकने हॉर्न दिला. मार्टिनचा 'आमेन' त्याहून मोठा होता.

मग मी एकटाच आत गेलो. आमच्या रिवाजाप्रमाणे दादाच्या दगडावर खडा ठेवला, दुसरा तिसऱ्या रांगेत ठेवला. फटीतून मार्टिनने हाक मारली, "अक्षरं पुसली नाहीत ना?"

"नाही," मी ओरडून सांगितलं आणि तिचं नाव मोठ्याने वाचलं.

ठाण्यात पोहोचलो तर आईचा पहिला प्रश्न, "थडग्यापाशीच म्हटलीस ना?"

खोटं बोलवेना. सगळं सांगितलं. इतक्या लांब जाऊन रस्त्यावर कद्दीश म्हटली म्हणून ती माझ्यावर वैतागली, वहिनीवर वैतागली, त्या कोहेनवर तर फारच. संध्याकाळी चहाचा कप खाली ठेवत म्हणाली, "मशीहा आला ना, तर मंदिराचं नंतर बघ म्हणावं. आधी त्या माणसाला बायकोपाशी जाऊ दे."