बारा की तेरा: एव्हरेजच्या मागे गोंदिया ते प्रतापगड

नवेगावबांधचा तलाव आणि आमच्या गोंदियाकडचा प्रतापगड बघायला लोक गाडी भाड्याने करतात, एसटी पकडतात, हौशी मंडळी बाइकवर निघतात. मी टोस्टच्या खोक्यांसोबत गेलो. ही अवदसा मला माझ्या मोठ्या भावामुळे आठवली.

दादाची गोंदियात बेकरी आहे. तिची डिझेल पिकअप रोज टोस्ट, खारी, पाव भरून गोरेगाव, कोहमारा, नवेगावबांध करत अर्जुनी मोरगावपर्यंतच्या दुकानांत माल टाकून येते. गाडीवर ड्रायव्हर शालिकभाऊ, बारा वर्षांपासून. तर झालं असं, की दिवाळीच्या सुमारास गाडीचा एव्हरेज तेरावरून बारावर आला आणि दादाची झोप उडाली. घरात दुसरा विषय नाही. वहिनीने वरण वाढलं तरी हा म्हणे, बारा. शेवटी त्याने निष्कर्षही काढून टाकला, की रोज लिटरभर डिझेल शालिक कुठेतरी काढून विकतो.

मी म्हटलं, अरे, इंजिन आहे, काही बिघडलं असेल. मग दादाने योजना काढली. मी शिकवतो त्या शाळेला नाताळची सुट्टी होती. मी फिरायच्या निमित्ताने दोन दिवस गाडीत बसायचं, वाटेत मेकॅनिक दाखवून गाडी ट्यून करून घ्यायची आणि शालिकवर नजर ठेवायची. ट्यून करून एव्हरेज तेरा आला तर ठीक. नाही आला तर चोर शालिकच, आणि त्याला काढायचं. मी तिथल्या तिथे नाही म्हणायला पाहिजे होतं. पण फुकटात नवेगाव बघायला मिळत होतं, म्हणून हो म्हटलं. लाज वाटते लिहिताना, पण हेच खरं आहे.

पहिला दिवस. सकाळी पंपावर टाकी काठोकाठ भरली, मीटरचा आकडा लिहून घेतला. पंपावर मी दोनदा खाली उतरून टाकीचं झाकण बघितलं. तिथून रिंगरोडच्या मेकॅनिककडे. तो गाडीभोवती एक चक्कर मारून म्हणाला, "पंप ज़्यादा डीज़ल फेंक रहा है. कम कर देता हूँ, दो का एवरेज बढ़ जाएगा." एअर फिल्टर झटकला, पंपाचा स्क्रू फिरवला, दीड तास घेतला आणि साडेचारशे रुपये. शालिकभाऊ बाजूला उभा राहून बघत होता. मी त्याला चहा पाजला आणि मेकॅनिकला दहा प्रश्न विचारले.

गोरेगावपर्यंत रस्ता चांगला आहे, दोन्ही बाजूंना कापणी झालेल्या धानाच्या बांध्या, मधे मळणीचे ढीग. त्या दिवशी आठवडी बाजार होता, त्यामुळे गावातून बाहेर पडायलाच अर्धा तास गेला. इथवर गाडी बरी चालली. मुरदोलीच्या जंगलात चढ लागला आणि तिने अक्षरशः मान टाकली. तिसऱ्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून पहिल्यात. मागून एसटी आली, हॉर्न वाजवत पुढे गेली. मग दोन बकऱ्या मांडीवर घेतलेला माणूस बसवून एक लुना पुढे गेली. मला इतका वैताग आला की विचारू नका. साडेचारशे रुपये देऊन मी चांगल्या गाडीचा दम काढून आणला होता. जंगल मात्र सुंदर आहे, आणि माझ्या वेगाने गेलात तर एकेक पान मोजून होतं.

कोहमाऱ्याला हायवे लागतो, ट्रकांची वर्दळ, ढाब्यांची रांग. साठ रुपयांत पोटभर जेवण, वांग्याची भाजी झणझणीत, भात हवा तेवढा. पण जेवू देतील तर शपथ. एव्हरेज हा शब्द तोंडातून निघाला आणि अख्खा ढाबा तज्ज्ञ झाला. एक ट्रकवाला म्हणे टायरात हवा वाढवा, दुसरा म्हणे कमी करा. तिसरा म्हणे टाकीत थोडं रॉकेल घाला. ढाब्याच्या मालकाने तर मागचा फालका काढून ठेवायला सांगितलं, वारा अडतो म्हणे. मग टोस्ट रस्त्यावर सांडत जायचे का, हे त्याने सांगितलं नाही. बाजूच्या गॅरेजमधल्या म्हाताऱ्या मिस्त्रीने पंप उघडला, आतला स्क्रू बघून कपाळावर हात मारला आणि सगळं होतं तसं करून दिलं. त्याचे तीनशे. म्हणजे साडेसातशे रुपये खर्च करून गाडी सकाळी होती तिथेच आली. आता तिच्या पंपात काहीच दोष नाही, असं त्याने खात्रीने सांगितलं. ते ऐकून मला आनंद व्हायला हवा होता, पण मग शालिकभाऊच उरत होता.

एरवी ही फेरी एका दिवसाची. मी पाहुणा म्हणून आम्ही नवेगावबांधला मुक्काम केला. तलाव बघाच. सकाळी पाण्यावर धुकं होतं, ढिवरांच्या डोंग्या जाळी टाकत होत्या, पाणपक्षी इतके की नावं विचारू नका, मला येत नाहीत. शालिकभाऊने एका ओळखीच्या घरी सांगून ताज्या मासोळीचा रस्सा आणि भात करवून घेतला. त्या बाईंनी पैसे घेतले नाहीत, शालिकभाऊच्या माणसाकडून कसे घेऊ म्हणाल्या. मी त्या रश्श्यात मान खाली घालून बसलो.

दुसऱ्या दिवशी अर्जुनीचा माल टाकून आम्ही प्रतापगडला गेलो. डोंगरावर किल्ल्याचे अवशेष आणि दर्गा, चढायला पाणी सोबत ठेवा, वर काही मिळत नाही. शालिकभाऊ पन्नाशीचा, पण माझ्या पुढे होता. दर्ग्यासमोर त्याने हात जोडले. वरून जंगल आणि पाणी लांबवर दिसतं. मी फोटो काढले, पण डोक्यात तेरा आणि बारा चालूच होते.

परतीला नवेगाव सोडल्यावर मला करायला काही नव्हतं. मीटर बघून रस्त्याकडेचे किलोमीटरचे दगड मोजायला लागलो. दहा दगड झाले तर मीटरवर नऊच्या थोडं पुढे. मला वाटलं चुकलो. पुन्हा सुरुवात केली. चाळीस दगड झाले तेव्हा मीटर सदतीस दाखवत होतं. मी कागदावर तीनदा गणित केलं. दिवाळीच्या आधी दादाने चारही टायर बदलले होते, एक साइज मोठे, गाडी उंच राहते म्हणून. मोठं चाक एका फेरीत जास्त रस्ता कापतं, मीटर मात्र जुन्या चाकाच्या हिशेबाने मोजतं. गाडी तेराच देत होती. चोरी नव्हतीच.

मी जवळजवळ ओरडूनच शालिकभाऊला सांगितलं. त्याने रस्त्यावरची नजर काढली नाही.

"होय जी," तो म्हणाला. "डिझल पयलेच्याइतकंच लागते. आकडा तेवढा कमी झाला. टायर बदलले त्याच आठवड्यात सांगतलं होतं दादाले. ते म्हणे, तू गाडी चालव."

"मग मला काऊन नाही सांगितलं?"

"तुमी मले इचारलं काहां भाऊ? तुमी मिस्तऱ्याले इचारलं, ढाब्यावाल्याले इचारलं."

गोरेगाव आलं. मग धीर करून सांगितलं, की मी फिरायला आलो नव्हतो. तो म्हणाला, मालूम आहे. पंपावर तुम्ही झाकण पाहून राहिले होते तेव्हाच समजलं. आणि मला म्हणाला, पाणी पिता काय, तोंड सुकलं तुमचं.

संध्याकाळी टाकी पुन्हा भरली. मीटरने बारा, दगडांनी तेरा. बेकरीत येऊन मी दादाला कागद दाखवला, दगड सांगितले, आणि शालिकभाऊने आधीच सांगितलं होतं हेही सुनावलं. दादा आधी गोंधळला, मग हसला. बरं झालं, मिटलं म्हणाला, आणि शालिकभाऊच्या पाठीवर थाप मारून त्याच्यासाठी खारीचा डबा काढला. शालिकभाऊने गाडीची चावी काउंटरवर ठेवली.

"दुसरा मानूस पाहा जी. मयना संपतपर्यंत येतो मी."

"आता कायले?" दादा म्हणाला. "आता कोणाचा शक आहे तुझ्यावर?"

"आता नाही. पन होता ना जी."

तो महिना संपेपर्यंत आला, एक दिवसही खाडा नाही. नव्या ड्रायव्हरला कोणत्या दुकानात किती खोकी, मुरदोलीचा चढ कोणत्या गिअरला, सगळं शिकवून गेला. दादाने त्याला थांबवायला मला दोनदा त्याच्या घरी पाठवलं. दोन्ही वेळा त्याने चहा दिला, आईची तब्येत विचारली आणि विषय काढू दिला नाही.

तुम्ही जात असाल तर डिसेंबर-जानेवारीत जा, गोंदियाहून सकाळी लवकर निघा. स्वतःच्या डिझेल गाडीचा एव्हरेज पडला असेल तर पंपाला हात लावायच्या आधी टायर बघा, आणि त्याच्याही आधी गाडी चालवणाऱ्याला विचारा. आमच्या गाडीचं मीटर दादाने नागपूरहून दुरुस्त करून आणलं. नवा ड्रायव्हर तेराचा एव्हरेज देतो, दादा खूश आहे. मी अजूनही अधूनमधून नवेगावला जातो, पण एसटीने. त्या पिकअपमध्ये बसायची माझी हिंमत होत नाही.