लेकीच्या घरचं पाणी

भोसरीच्या कारखान्यात मी पॅकिंगला कायम झाले आणि कळलं, कामगार विम्यात आपले आईवडीलही बसतात! लग्न झालेल्या बाईचेसुद्धा! वयाची अट नाही, फक्त ते आपल्या आधारावर राहणारे हवेत. मला आभाळ ठेंगणं झालं. आई गेल्यापासून अण्णा माझ्याकडेच होते, दम्याने बेजार. दुसऱ्याच दिवशी औषधासाठी रिकामी बाटली घेऊन आम्ही विम्याच्या दवाखान्यात हजर.

कारकुनाने विचारलं, "आजोबा, लेकीच्या आधाराने राहता ना?"

"छ्या! लेकीच्या घरचं आमी पानी बी पीत न्हाई!"

ते खरंच होतं. दोन्ही वेळ जेवायचे माझ्याकडे, पण पाणी चौकातल्या नळावरून स्वतः भरून आणायचे. कारकुनाने पेन खाली ठेवलं. मी भडकलेच. "मग भाकरी कुणाची खाता, सांगा की!"

रांगेतली माणसं वळून बघायला लागली. अण्णा हातातल्या बाटलीकडे बघत म्हणाले, "हिचीच खातो, साहेब."

चढलं एकदाचं त्यांचं नाव माझ्या कार्डावर! घरापर्यंत मी नुसती बडबडत आले. अण्णा उंबऱ्यावर टेकले, धाप आवरली आणि म्हणाले, "पोरी, तुझ्या माठातलं पानी दे."