ठिपक्याकडे बघा, बाबा

मला राग लवकर येतो, आणि नको तिथेच येतो. त्या दिवशी तो बाबांवर निघाला.

नोएडाच्या नव्या सेक्टरांत तेव्हा काचेच्या इमारती भराभर उठत होत्या. त्यातल्याच एकीत, डोळ्यांच्या प्रयोगशाळेत, मला नोकरी लागली होती. आमचा कॅमेरा जिवंत डोळ्याच्या पडद्यावरची एकेक पेशी दाखवायचा. डोळ्यात क्षणभर प्रकाश सोडला की निरोगी पेशींची चमक जराशी बदलायची, तो बदल आम्ही टिपायचो. परदेशी मशीन, एसी खोली, गळ्यात ओळखपत्र! घरी मी नुसती मिरवत होते.

तुलनेसाठी आम्हाला निरोगी म्हातारे डोळे हवे होते. बाबा दिल्लीतल्या केंद्रीय मंत्रालयातून रिटायर झालेले, पेपर शेवटच्या पानापर्यंत वाचणारे. म्हटलं, चलो, घरातच सापडले. आधी साधी तपासणी करायची असते, तीही मी केली नाही. आपलेच बाबा, त्यांना काय होणार? फॉर्मवर ‘नॉर्मल’ लिहून मोकळी झाले.

त्यांनी हनुवटी टेकवली. “हिरव्या ठिपक्याकडे बघा. हलायचं नाही.” उजवा डोळा झटक्यात झाला. डाव्याचं चित्र मात्र सारखं सरकायला लागलं.

“अगं, ठिपका मधेच गायब होतोय.”

“ठिपका जागेवरच आहे, बाबा. तुम्हीच हलताय.”

“अच्छा, अच्छा,” म्हणत त्यांनी पुन्हा डोळा लावला. तिसऱ्या वेळी मी चक्क ओरडले, “अहो, लहान मूलसुद्धा नीट बसतं! काय चाललंय तुमचं?” बाकीचे लोक वळून बघायला लागले. बाबा ओशाळून हसले. हललेली चित्रं ठेवायची नाहीत, ही आमची पद्धत. ‘सहकार्य नाही’ असा शेरा मारून मी डाव्या डोळ्याचं सगळं पुसून टाकलं.

काही महिन्यांनी बाबांना दाराची चौकट वाकडी दिसायला लागली. डॉक्टरांनी सांगितलं, डाव्या डोळ्याच्या पडद्यामागे रक्त साचलंय, मधली नजर गेली. सुरुवातीलाच कळलं असतं तर इंजेक्शनने बरीच वाचली असती. मग विचारलं, “पहले की कोई तस्वीर है?”

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. ठिपका त्यांना खरंच दिसत नव्हता. नजर तो शोधत फिरत होती, म्हणून डोळा हलत होता. इतकं साधं! ते बिचारे तोंडाने सांगत होते आणि मी त्यांनाच झापत होते. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला.

मी काही बोलायच्या आत बाबाच म्हणाले, “ली थी डॉक्टर साहब, पर खराब आई. बेटी ने बहुत समझाया, मुझसे ही ठीक से बैठा नहीं गया.”

त्यांना ते मनापासून खरं वाटत होतं. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली.