नागिणीचा नवस

लग्नाला बरीच वर्षं उलटल्यावर मला दिवस राहिले, तेव्हा माझा जोगेश्वरी देवीवर पूर्ण विश्वास होता आणि दवाखान्यावर जेमतेम. आज दोन्हींवर सारखाच आहे. हे कसं झालं ते लिहायचं फार दिवस मनात होतं. चमत्कार म्हणावा की योगायोग, या वादात मी पडत नाही. माझ्यापुरतं मला कळलं आहे, तेवढं पुरे.

आम्ही हडपसरला राहायचो; मी, आमचे हे आणि सासूबाई. त्या दिवसांत जो तो कॉम्प्युटर घेत सुटला होता. बँका घेत होत्या, साखर कारखाने घेत होते, आणि ते बसवून द्यायला, बिघडले की दुरुस्त करायला हे गावोगाव फिरायचे. महिन्यातले निम्मे दिवस लॉजवर. पगार चांगला होता, आणि शेजारणींना "आमचे हे टूरवर आहेत" असं सांगताना माझी मान जरा जास्तच ताठ व्हायची. त्या वर्षी होळीच्या सुमाराला ते टूरवरून आले ते पाठीला आग घेऊनच. बरगडीपासून कण्यापर्यंत लालभडक फोडांची माळ उठली होती. सासूबाईंनी सदरा वर करून पाहिलं आणि म्हणाल्या, "नागीण आहे."

नागिणीचं तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस जातो, असं आमच्याकडे लहान पोरंसुद्धा सांगतात. त्यामुळे डॉक्टरकडे जायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. गल्लीतल्या एक आजी नागीण उतरवायच्या, त्यांच्याकडून लेप आणला. मी देवासमोर बसले आणि जोगेश्वरीला म्हटलं, "आई, हिचं तोंड जुळू देऊ नकोस. नवरात्रात येऊन तुझी ओटी भरीन." नागीण सुकली. पुढच्याच महिन्यात मला दिवस राहिल्याचं कळलं. सासूबाई खूश होऊन म्हणाल्या, "एका नवसात दोन कामं केली गं बाई तुझ्या देवीनं."

नाव घालायला आम्ही दोघी सरकारी दवाखान्यात गेलो. तिथे पडद्यामागे एक बाई बसायच्या. पोटुशी बाई आली की तिला आत बोलावून एचआयव्हीच्या तपासणीबद्दल समजावून सांगायच्या आणि विचारायच्या, करायची का. सासूबाई माझ्याबरोबर आत घुसल्या होत्या. त्या ताडकन उठल्या. "अहो, आमची सून लग्नाची आहे. असलं काही विचारायचं तर तसल्या बायकांना विचारा."

त्या बाई जराही न रागावता म्हणाल्या, "लग्नाच्या बायकांनाच विचारतेय, आजी. इथे दुसऱ्या कोण येतात?"

मला हसू आलं होतं, पण सासूबाईंचा चेहरा बघून मी ते गिळलं आणि त्यांच्यामागोमाग बाहेर पडले. खरं सांगायचं तर मलाही त्यांचंच पटलं होतं. गळ्यात मंगळसूत्र, घरात देव, नवऱ्याशिवाय कुणाकडे मान वर करून पाहिलं नाही. त्या रोगानं माझा पत्ता शोधत यायचं तरी कशाला, असं वाटत होतं.

पावसाळा सरता सरता मात्र मनात पाल चुकचुकायला लागली. ह्यांचं वजन उतरत होतं. पँट पट्ट्यानं आवळून घालायचे. तोंड सारखं यायचं, तिखट चालेनासं झालं होतं. विचारलं की म्हणायचे, बाहेरचं खाऊन पोट बिघडलंय. मी मान डोलवायचे आणि पोटावर हात ठेवून बसायचे. काय विचारायचं, कुणाला विचारायचं, तेच सुचत नव्हतं. देवीला एवढंच म्हणायचे की, मला काही कळत नाही, तू कळव.

नवरात्रात जोगेश्वरीच्या देवळात नवस फेडायला एकटीच निघाले. सासूबाईंचे गुडघे धरले होते. सकाळची वेळ, बायकांची ही लांब रांग, हातात खण-नारळाचं ताट. माझ्यामागे साधारण पंचेचाळिशीच्या एक बाई होत्या. इस्त्रीची सुती साडी, चष्मा, एखाद्या शाळेच्या मुख्याध्यापिका शोभाव्यात अशा. कपाळ मोकळं होतं. त्यांच्याही हातात खण-नारळ पाहून पुढच्या दोघी एकमेकींकडे बघून कुजबुजल्या. त्या बाईंना ते ऐकू गेलं. त्यांनी मला विचारलं, "माझी ओटी तुमच्या हातानं भराल का? बायकांना उगाच त्रास नको. सकाळपासून उपाशी आहेत बिचाऱ्या."

मी त्यांचा खण-नारळ माझ्या ताटात घेतला. मग रांगेत होतात तशा गप्पा सुरू झाल्या. कितवा महिना, माहेर कुठलं. कसला नवस, असं त्यांनी विचारलं तेव्हा मी मोठ्या कौतुकानं नागिणीची हकिकत सांगितली.

"वय काय हो त्यांचं?"

"बत्तीस."

त्या एकदम थांबल्या. रांग पुढे सरकली तरी त्यांचं पाऊल उचललं नाही. मग जवळ येऊन अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "आमच्या ह्यांनाही तरुणपणीच झाली होती. आम्हीही लेपच लावला. नागीण प्रत्येकाला त्याच कारणानं होते असं नाही, पण इतक्या तरुण माणसाला झाली तर रक्त तपासून घ्यावं, असं डॉक्टर मला सांगत होते. ते गेल्यावर."

मी कसंबसं म्हटलं, "अहो, पण आम्ही लग्नाची माणसं..."

"मीही लग्नाचीच होते. मंगळसूत्रही चांगलं भरीव होतं." त्यांनी माझा हात धरला. "त्यानं हा रोग अडत नाही हो. मला तो दुसऱ्या कुणाकडून मिळणार होता? तुमच्या हातात अजून वेळ आहे. पोटातल्या बाळाला तो लागू नये म्हणून औषध निघालंय. आजच जा."

गाभाऱ्यात मी दोन ओट्या भरल्या. तांदूळ खाली सांडले. देवीच्या डोळ्यांकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच काही मागावंसं वाटलं नाही. बाहेर येऊन पाहिलं तर त्या बाई गर्दीत कुठे दिसल्या नाहीत. त्यांचा प्रसादाचा नारळ माझ्याच पिशवीत राहिला. तो घेऊन मी घरी न जाता थेट दवाखान्यात गेले. पडद्यामागच्या बाईंनी मला ओळखलं. एका शब्दानंही टोमणा न मारता त्यांनी मला खुर्ची दिली.

माझ्या रक्तात तो आजार निघाला. मग ह्यांच्याही. हे लहान मुलासारखे रडले. लॉजवरचं जे काही होतं ते त्यांनी माझ्यासमोर सांगितलं. मी लगेच क्षमा केली असं खोटं लिहिणार नाही. कितीतरी दिवस मी त्यांच्या ताटात भाकरी वाढायचे ती त्यांच्याकडे न बघता. मला भीती वाटत होती ती सासूबाईंची. सांगितलं तेव्हा देवासमोरचा दिवा सारखा करून त्या वळल्या आणि म्हणाल्या, "रडायचं ते नंतर रडू. बाळाचं काय करायचं ते सांग आधी." त्यानंतर दवाखान्याची एकही फेरी त्यांनी मला एकटीला करू दिली नाही. पडद्यामागच्या बाईंना त्या घरचे लाडू न्यायच्या.

कळा सुरू झाल्यावर मला गोळी दिली, मुलगी झाल्यावर तिला थेंब पाजले. धोका पुष्कळ कमी होतो, पण नाहीसा होत नाही, असं आम्हाला स्पष्ट सांगितलं होतं. अंगावर न पाजता वरचं दूध द्यायचं ठरलं. नक्की काय ते मूल दीड वर्षाचं झाल्यावर कळणार होतं. तोवर तिला साधी शिंक आली तरी मी तिला घेऊन दवाखाना गाठायचे. त्या दिवसांत मी शरण जायला शिकले. औषध वेळेवर द्यायचं, बाटली उकळून घ्यायची, आणि त्यापुढचं देवीवर सोडायचं. आधी मी सगळंच तिच्यावर सोडायचे आणि त्यालाच भक्ती समजायचे.

मुलगी निर्दोष निघाली. निकाल ऐकताना ती पडदा ओढून त्यामागे लपत होती आणि त्या बाई हसत होत्या. हे मात्र त्यानंतर फार दिवस राहिले नाहीत. औषधं सगळ्यांना मिळायला लागण्याआधीच गेले. शेवटी आमच्यात कडूपणा उरला नव्हता, हीही देवीचीच कृपा मानते. मला औषधं मिळाली. रोज रात्री जेवण झालं की गोळी घेते, आणि तब्येतीची कसलीच तक्रार नाही. मुलगी आता हडपसरच्याच एका आयटी कंपनीत जाते. तिच्यासाठी स्थळ आलं तेव्हा मुलाकडच्यांनी पत्रिका पुढे केली. सासूबाई म्हणाल्या, "पत्रिका राहू द्या. दोघांचं रक्त तपासायचं का ते बोला." मुलाची आई म्हणाली, "अहो, आमचा मुलगा तसा नाही." सासूबाई म्हणाल्या, "माझाही नव्हता."

त्या रांगेतल्या बाई मला पुन्हा कधी भेटल्या नाहीत. दर नवरात्रात मान वळवून मागे बघते. त्यांची ओटी त्यांच्याच हातानं भरू द्यायला हवी होती, असं आता वाटतं.

गेल्या नवरात्रात सासूबाईंनी स्वतः ताट लावलं, खण घडी करून ठेवला आणि म्हणाल्या, "जा, माझीही तूच भर." रांगेत माझं मोकळं कपाळ पाहून मागच्या एका मुलीनं मायेनं विचारलं, "काकू, तुमची ओटी मी भरू का?"

म्हटलं, "नको गं बाळा. तिला माझा हात चालतो."