भोंगामामांच्या रोममधल्या उठाबशा

भोंगामामा कानात कुजबुजले तरी शेजारच्या घरातून कोणीतरी 'ओ' द्यायचं. बिद्रीकडच्या साखर कारखान्यात त्यांची उभी हयात गेली. कारखान्याचा भोंगा बिघडला तर पाळी बदलायला मामांना गच्चीवर उभं करतील, असं लोक म्हणायचे. मामांनाही त्यात गैर वाटायचं नाही. "आवाज हाय तर वापरायचा की. शिल्लक ठेवून काय व्याज मिळतंय?"

तालमीत घडलेलं अंग, गालांवर चढलेल्या मिशा, डोक्यावर पांढरी टोपी. मटणाच्या पंगतीत वाढपी आधी त्यांच्याकडेच धावायचा, आणि मामा ताटावर हात आडवा धरून गरजायचे, "आमाला न्हाय चालत! वांगं आन वांगं!" सगळी पंगत माना वळवून बघायची. आमच्या कोल्हापुरात असं शरीर वांग्यावर पोसलंय, हे कोणाला पटायचंच नाही.

ते पोसलं होतं मामींमुळे. मामींचं माहेर नेसरीकडचं, घर कडक शाकाहारी. मागणी घालायला गेले तेव्हा त्यांच्या वडिलांनी मामांना समोर बसवून विचारलं, "पोरगी पायजे का मटान? एक सांगा." मामांनी एक दिवसाची मुदत मागितली. त्या संध्याकाळी मित्राच्या मळ्यात जाऊन हाताला वास राहीपर्यंत तांबडा-पांढरा रस्सा ओरपला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन सांगितलं, "पोरगी." त्यानंतर मटणाचा कण त्यांच्या तोंडात गेला नाही. मामी वारल्यावर मुलं म्हणाली, आता खा की. मामा म्हणाले, "शब्द तिला दिलता. ती गेली, म्हनून शब्द बी गेला व्हय?"

शाहूपुरीत माझं रंगाचं दुकान आहे. एका वर्षी कंपनीने आम्हा विक्रेत्यांना चार दिवस रोमला नेलं, सोबत एक माणूस फुकट. मुलीची बारावी असल्यामुळे बायको येणार नव्हती. मामी जाऊन वर्ष होत आलं होतं, मामा घरात एकटे बसून असायचे. मी त्यांनाच नेलं.

रोममध्ये आमच्या हॉटेलच्या गल्लीत एक छोटी खाणावळ होती. आत शिरताच मामांनी सवयीने हाक मारली, "ओ पावणं!" लांबच्या टेबलावरचा वेटर धावत आला. मला आश्चर्य वाटलं. मग कळलं, पोराचं नाव पाओलो. आपलं नाव या मिशाळ परदेशी माणसाला कसं कळलं, याचं आश्चर्य त्याला माझ्याहून जास्त. दोघांची तिथेच दोस्ती जमली.

मामांची चौकशी एकच. ताट आलं की बोट रोखायचे, "पावणं, ह्याला डोळं हुतं का?" आणि स्वतःचे डोळे ताणून दाखवायचे. पाओलोला वाटायचं, मामा पदार्थ बघून चकित झालेत. तो खूश होऊन तसेच डोळे ताणायचा. शेवटी मी फोनवर भाषांतर करून समजावलं. मग त्याने पिझ्झा आणला. "थालपीट हाय की! वर टमाट्याचं सार सांडलंय निस्तं!" दुसऱ्या दिवशी मिरी आणि किसलेलं चीज घातलेल्या शेवया आल्या. त्या मामांना इतक्या आवडल्या की सकाळ-संध्याकाळ तेच. "दुधाचंच हाय, काय भ्या न्हाय."

तिसऱ्या दिवशी दुपारी शेजारच्या टेबलावर सांगलीचा एक विक्रेता होता. त्याला सगळंच माहीत असायचं. तो म्हणाला, "मामा, हे चीज कसं करतात माहितीय? दूध नासवायला कोकराच्या पोटातला रस घालतात."

मामांचा काटा हवेतच थांबला. "पावणं," त्यांनी हाक मारली, पण आवाज असा बारीक, की पाओलोला ऐकूच गेली नाही. मी त्याला बोलावून फोनवर विचारलं. त्याने मान खाली घालून होकार दिला.

मामांनी ताट सरकवलं. "तुझ्या मामीला काय सांगू रं?"

"मामा, तुम्हाला ठाऊक नव्हतं."

"तिला बी ठाऊक नव्हतं. म्हनून तर सांगाय पायजे."

ते उठले, बाहेर गेले, टोपी काढून फरशीवर ठेवली, आभाळाकडे बघून दोन्ही कान धरले आणि उठाबशा सुरू केल्या. दर उठाबशीला भोंगा वाजायचा, "चुकलं गं!" सगळी गल्ली दणाणली. खिडक्या उघडल्या. प्रवासी गोळा झाले, फोन निघाले. कोणीतरी टोपीत नाणं टाकलं, मग दुसऱ्याने. मला लाजेने कुठे तोंड लपवू असं झालं. तेवढ्यात पाओलो एप्रनसकट बाहेर आला, मामांच्या शेजारी उभा राहिला, कान धरले आणि म्हणू लागला, "चुकलंगो! चुकलंगो!" बिचारा चौथ्या-पाचव्या उठाबशीलाच खाली बसला. तालमीतला माणूस मात्र थांबेना.

दम लागल्यावर मामांनी टोपी उचलली. आत नाणी बघून खवळले, "मी काय डोंबारी हाय?" आणि सगळी पाओलोच्या ओंजळीत ओतली. "जा. भाजी आन. निस्ती भाजी."

पाओलो आत गेला आणि हिरव्या पाल्याची भाजी घेऊन आला. तेलात परतलेली, लसूण ठेचून घातलेला, वर लाल मिरची. चीजचा पत्ता नाही. मामांनी घास घेतला. कडसर होती. दुसरा घेतला. मग मिशा थरथरायला लागल्या.

"काय झालं? तिखट लागली?"

"पाथरी हाय रं," मामा म्हणाले. "ती बांधावरनं खुडून आनायची." आणि रोमच्या त्या गल्लीत, भर दुपारी, त्यांनी असा गळा काढला की समोरच्या घरातली बाई पाण्याचा तांब्या घेऊन खाली आली. मामी वारल्यापासून मामा रडले नव्हते, हे मला त्या क्षणी उमगलं.

रडून झाल्यावर त्यांनी चार ताटं भाजी खाल्ली.

गेल्या माघात मामा गेले. मी काही शाकाहारी झालेलो नाही. रविवारी आमच्याकडे तांबडा-पांढरा होतोच. पण रोमहून आलो त्या आठवड्यात मी तंबाखू सोडली. बायको लग्नापासून मागे लागली होती. शपथा, भांडणं, अबोला, सगळं करून थकली होती. आता कोणी विचारलं की ती सांगते, "कंपनीने रोमला नेलं न् सुटली." लोकांना वाटतं, तिकडे काही औषध मिळत असेल. शाहूपुरीतले दोघंतिघं तर मला खाजगीत नाव विचारून गेले.