चेंडूकडे बघायचं नाही

माझा धाकटा भाऊ हार्लन कुणाचं ऐकून घेणाऱ्यातला नाही, हे आमच्या गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. शुक्रवारी संध्याकाळी शाळेच्या टीमची फुटबॉल मॅच झाली की शनिवारी सकाळी कॅफेत खिडकीजवळच्या टेबलावर तिचं पोस्टमॉर्टेम होतं, आणि तिथं त्याच्या तोंडाचा पट्टा सुटला की आवरायला मीच लागते. मी शाळेच्या स्वयंपाकघरात जन्म काढला. दोनशे पोरांना एका हाकेत गप्प करत होते, भाऊ मात्र अजून ऐकत नाही.

पण मला सांगायचंय ते जोलीनबद्दल. जोलीन त्या कॅफेत वेट्रेस आहे. पहाटे अंधारात दार उघडते ते दुपारी गुडघ्याला पट्टा बांधूनच घरी जाते. नवरा ट्रक घेऊन डकोटाकडे गेला तो तिकडचाच झाला. पोरगा गॅरेट बारावीला, शाळेच्या टीममध्ये रिसीव्हर. आमच्या फुटबॉलमध्ये चेंडू हातानं फेकतात; क्वार्टरबॅकनं लांब फेकलेला चेंडू धावत जाऊन झेलायचा, हे त्याचं काम.

यंदाचा क्वार्टरबॅक होता ब्रॉडी. काय हात होता त्या पोराचा. चेंडू सुटला की शाळेच्या बँडमधली पोरंसुद्धा वाजवायचं विसरून वर बघायची. माझं वय झालं बघण्यात, पण इतक्या लांब जाणारा चेंडू मी आमच्या मैदानावर कधी पाहिला नव्हता. अडचण एवढीच की त्यातले बहुतेक चेंडू गवतावर पडायचे. चूक कुणाची, यावर सबंध सप्टेंबर गेला.

"दोन पावलं," हार्लन म्हणायचा. "दर वेळी चेंडू दोन पावलं पुढं पडतो. त्या दोन पावलांना आळस म्हणतात."

"त्याला घाई म्हणतात," लॉइड म्हणायचा. लॉइड आमचा शेजारी, जन्मभर दुधाचा टँकर चालवलेला. "ब्रॉडी सपाट फेकतो. जरा उंच सोड की बाबा, चेंडू हवेत राहील, खालचा पोरगा पोचेल."

"तू नको वेगाबद्दल बोलूस. तुझ्या टँकरच्या पुढं गाई निघून जायच्या."

"दूध नासलं नाही कधी माझं."

"आणि वारा?" मी म्हणायची. "नदीकडून येणारा वारा कुणी हिशोबात धरतो का?" माझं कुणी ऐकत नसे.

त्या शनिवारी हार्लन जास्तच रंगात आला. "ब्रॉडीला दोष देऊ नका. पळणारेच नाहीत आपल्याकडं. तो गॅरेट तर जेवून शतपावलीला निघाल्यासारखा धावतो."

जोलीन कॉफीचं भांडं घेऊन त्याच्या खांद्यामागंच उभी होती. मी टेबलाखालून त्याच्या नडगीवर लाथ घातली.

"काय गं ताई, लाथा कसल्या मारतेस?" तो मोठ्यानं म्हणाला. कपाळ माझं.

जोलीननं त्याचा कप भरला, अंडी कशी हवीत विचारलं आणि गेली. अशी किती वेळा गेली असेल, देव जाणे. मला वाटायचं, कामाची बाई, ती कानाआड करत असेल. अशा गोष्टी कानाआड होत नसतात, हे मला कळायला हवं होतं, पण टेबलावर बसलं की आपण सगळेच शहाणे होतो.

ऑक्टोबरातल्या एका शनिवारी तिनं कॉफीचं भांडं टेबलावर ठेवलं आणि एप्रनला हात पुसले.

"गॅरेट येत्या शुक्रवारी खेळणार आणि हेल्मेट, पॅड सगळं परत करणार," ती म्हणाली. "अजून तीन मॅच राहिल्यात. पण तो म्हणतो, आई, अख्खं गाव म्हणतं मी धावत नाही, तर मी धावतो कशाला?"

लॉइड खिडकीबाहेर बघायला लागला. हार्लन म्हणाला, "अगं, आम्ही आपलं खेळाबद्दल बोलतो. मनावर घ्यायचं नसतं."

"त्यानं घेतलं. सातवीत असल्यापासून त्याला ही टीम हवी होती, हार्लनदादा. ती त्यानं अशी सोडलेली मला बघवणार नाही." तिचा आवाज चढला नव्हता. "तुमचंही काय चुकलं म्हणा. तुम्ही चेंडू बघता. सगळेच बघतात. मी आजवर एकदाही चेंडू बघितला नाही. कोण जिंकलं, ते मला शनिवारी इथं तुमच्याकडून कळतं. एक करा. शुक्रवारी चेंडूकडे बघायचं नाही. सुरुवातीपासून शेवटपर्यंत फक्त माझ्या पोराकडं बघा. मग शनिवारी काय बोलायचं ते बोला. मी ऐकून घेईन आणि त्यालाही सांगेन."

"एवढंच ना," हार्लन म्हणाला. "त्यात काय."

त्यात काय ते शुक्रवारी कळलं. जोलीनची जागा सगळ्यात खालच्या ओळीत, पार कोपऱ्यात. तिथून मॅच धड दिसत नाही, म्हणून तिथं कुणी बसत नाही. आम्ही घोंगड्या पांघरून तिच्या रांगेत बसलो. लोक ओरडले की मान आपोआप चेंडूकडे वळायची. हार्लननं शेवटी डोळ्यांच्या दोन्ही बाजूंना हात धरले, घोड्याला झापडं लावतात तसे. लॉइड चोरून बघत होता, त्याला मी चिमटा काढला.

पहिल्याच वेळी चेंडू मैदानाच्या पलीकडच्या बाजूला गेला, आणि सगळं गाव तिकडं बघत ओरडायला लागलं. आणि अलीकडं गॅरेट धावत होता. जीव तोडून. त्याच्या मागं समोरच्या टीमची दोन पोरं. त्याच्याकडं चेंडू येणार नव्हता, हे त्याला ठाऊक होतं. तरी तो आमच्या कोपऱ्यापर्यंत आला, गुडघ्यांवर हात ठेवून दोन श्वास घेतले, वळला, परत जाऊन उभा राहिला. पुन्हा तेच. पुन्हा तेच. इतका जवळ यायचा की त्याची धाप ऐकू यायची.

"हा कायम असा धावतो?" लॉइडनं विचारलं.

"कायम," जोलीन म्हणाली. तिनं त्याच्यावरची नजर काढली नाही. "त्या दोघांना तो इकडं ओढून आणतो, म्हणून तिकडं बाकीच्यांना वाट मिळते."

इतकी वर्षं मी मैदानावर काय बघत होते?

एकदा चेंडू त्याच्याकडे आला. आम्हाला दिसली ती त्याची मान वळलेली, डोळे आभाळाकडं, पाय तरीही सुटलेले. मग त्यानं अंग झोकून दिलं. बोटांच्या पुढं चेंडू आपटला, गॅरेट गवतावर तोंडघशी पडला. मागून कुणीतरी ओरडलं, "अरे, धाव की जरा."

हार्लन उठून मागं वळला. "तो धावतोय," तो म्हणाला. "नीट बघ जरा." मग खाली बसला आणि पुन्हा झापडं लावली. गॅरेट उठला, हेल्मेटच्या जाळीत अडकलेला चिखल काढला, आणि पुढच्या वेळी तितकाच धावला.

मॅच संपत आली तेव्हा सगळं स्टँड एकदम उभं राहिलं. बँड थांबला. ब्रॉडीनं फेकलाय, हे त्या शांततेवरून कळलं. देवाशपथ, मान वळवायची नाही म्हणून मी समोरचा कठडा घट्ट धरला. मग अशी आरोळी उठली की पायाखालच्या फळ्या हादरल्या. पलीकडच्या कोपऱ्यात दुसऱ्या पोरानं झेलला होता. आम्ही बघत होतो अलीकडं. रिकाम्या हातांनी गॅरेट शेवटच्या रेषेपर्यंत धावत आला, ती दोन पोरं त्याच्या मागं. मग त्यानं पलीकडं पाहिलं आणि एकटाच दोन्ही हात वर करून उड्या मारायला लागला.

हार्लननं हातमोज्यानं नाक पुसलं. "थंडी आहे," तो म्हणाला.

मॅचनंतर आम्ही फाटकाशी थांबलो. सामान परत घेणारी खिडकी तिथंच आहे. गॅरेट आला, हेल्मेट हातात, पॅड खांद्यावर. चेहरा नुसता उजळलेला.

"हार्लनकाका, बघितलात ना तो पास?" तो म्हणाला. "काय फेकलाय ब्रॉडीनं. मी आयुष्यात असा चेंडू बघितला नाही."

"नाही रे पोरा," हार्लन म्हणाला. "मला नाही दिसला."

"असं कसं? सीझनमधला सगळ्यात लांब होता."

"असेल." हार्लननं टोपी काढून हातात धरली. "मी तुझ्याकडं बघत होतो. सबंध मॅच."

गॅरेटनं लॉइडकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आम्ही दोघांनी माना हलवल्या. मग त्यानं आईकडं पाहिलं. जोलीन रडत होती आणि डोळेही पुसत नव्हती.

खिडकीतल्या माणसानं हात पुढं केला. "आण रे ते इकडं."

"नको," गॅरेट म्हणाला. "सोमवारी सरावाला लागेल मला."