भांडं लावून मोजलं का?

“भांडं लावून मोजलं का?”

आमच्या स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून मास्तरांनी हा प्रश्न विचारला, तेव्हा माझ्या हातात नव्या मिक्सरचं गॅरंटी कार्ड होतं आणि चेहऱ्यावर विजय. पुढच्या क्षणी नुसतं कार्ड उरलं.

ओट्यापासून वरच्या कपाटापर्यंतची जागा सोळा इंच. मिक्सर दहा इंच. शिल्लक सहा. अकरा दिवस मोबाइलवर लोकांची मतं वाचून, वहीत तक्ता आखून, साडेसातशे वॅटचा आणि चार भांड्यांचा मिक्सर मी निवडला होता. मी महापालिकेच्या मराठी शाळेत गणित शिकवतो. हे सांगितलं नसतं तरी चाललं असतं, पण पुढेमागे कुणीतरी सांगेलच. भांडं लावल्यावर तो मिक्सर अठरा इंच झाला.

सुरतेत अमरोलीतल्या छोट्या फ्लॅटचे ओटे तुम्ही पाहिले असतील. एका टोकाला गॅस, दुसऱ्या टोकाला बेसिन, मधे हातभर जागा. त्यात आमच्या बिल्डरने वरचं कपाट ओट्याइतकंच पुढे आणलेलं. तेव्हा मिक्सरची रवानगी हॉलमध्ये झाली, टीव्हीच्या प्लगजवळ, जमिनीवर. त्या दिवसापासून आमच्याकडे बातम्या आणि चटणी यांतलं एकच काहीतरी होऊ शकायचं.

बायको काही बोलली नाही. बावीस वर्षांच्या संसारात मला एवढं कळलंय, की ती बोलली तर प्रकरण मिटतं.

मास्तर आमच्या खालच्या मजल्यावर राहायचे. एकटेच. बिल्डिंगमध्ये शिकवणारा मी, पण मी ‘सर’. ‘मास्तर’ म्हणजे ते, कारण तीस वर्षं त्यांनी कापडाच्या लूमच्या कारखान्यात मास्तरकी केली होती. यंत्रं लावायची, बिघडलं ते काढायचं, कारागिरांवर लक्ष ठेवायचं. खानदेशातून विशीत आले ते सुरतेचेच झाले. गावाकडच्यांशी अहिराणी, दुकानात गुजराती, आमच्याशी मराठी. आणि तिन्ही भाषा सारख्याच मोठ्या आवाजात, कारण तीस वर्षांच्या खडखडाटाने त्यांचे कान गेले होते. त्यांनी कुणाला खासगीत काही सांगितलं, की ते आधी गच्चीवर पोचायचं.

ऐकायचे मात्र ते डोळ्यांनी. समोरचा बोलत असला की ते त्याच्या तोंडाकडे नाही, हातांकडे बघायचे. नवख्या माणसाला वाटायचं, हा आपल्या अंगठीकडे का बघतोय. लूमवर कुणाचं बोलणं कुणाला ऐकू येत नाही, सगळा कारभार खुणांचा. दोरा तुटला याची एक खूण, मालक आला याची दुसरी. तर्जनी वर करून हवेत गोल फिरवली, की ‘ठीक आहे, चालू दे’. ही शेवटची खूण ते निवृत्तीनंतरही वापरायचे. सकाळी मी स्कूटर काढताना ते गॅलरीतून बोट फिरवायचे, आणि आपला दिवस कुणीतरी तपासून पास केलाय, असं मला वाटायचं.

‘भांडं लावून मोजलं का’ ही नंतर बिल्डिंगची म्हणच झाली. तिसऱ्या मजल्यावरच्यांनी सोफा-कम-बेड आणला. मास्तर बघायला गेले. “छान आहे. उघडून मोजला का?” उघडला, तर बाथरूमचं दार बंद. अजूनही त्यांच्याकडे पाहुणे आले की रात्री कुणी पाणी पीत नाही. शेजारच्या मुलीला स्थळ आलं होतं. मुलाची नोकरी, कामरेजला दोन खोल्या, सगळं तिच्या वडिलांनी कौतुकाने सांगितलं. मास्तर शांतपणे म्हणाले, जितकं त्यांना शांत होता यायचं तितकं, “मुलगा मोजला, घर मोजलं. सासू लावून मोजलं का?” सासूबाई तेव्हा जिन्यात चप्पल घालत होत्या.

लग्न झालं, ते वेगळं.

माझा मिक्सर दोन महिने हॉलमध्ये बसला. आमच्या शाळेतल्या चार शिक्षकांना बायको दुपारचा डबा द्यायची. सात वर्षं. तो तिचा स्वतःचा उद्योग, त्यात माझी लुडबूड तिला खपत नाही. भाजी किती तिखट, कुणाला कांदा वर्ज्य, सगळं तिच्या डोक्यात. एकदा तिच्या आमटीला स्टाफरूममध्ये कुणीतरी ‘वा’ म्हटलं, हे मी घरी येऊन सांगितलं, तर कोण म्हणालं, कधी, आमटी गरम होती का, असं तिने तीनदा विचारलं होतं.

एका संध्याकाळी ती म्हणाली, “पुढच्या महिन्यापासून डबे बंद करावे म्हणते.”

“का?”

“तुमचा मिक्सर. रोज खाली बसा, उठा, भांडं लावा, काढा. कंटाळा आला.”

मला अपराधी वाटलं. सात वर्षांचा उद्योग माझ्या दोन इंचांनी बुडत होता. मी म्हटलं, “थांब. दुसरा आणतो, ओट्यावर बसणारा.” ती म्हणाली, “राहू द्या हो. मिक्सरचा प्रश्न नाही.” मग जरा थांबून म्हणाली, “म्हणजे, मिक्सरचाच आहे. पण राहू द्या.”

आता हे ऐकून तुम्ही कान टवकारले असते. मी वही काढली.

पण या वेळी आधी मास्तरांकडे गेलो. हातवारे करून सांगितलं: ओटा, मिक्सर, डबे बंद. ‘बंद’ची माझी खूण त्यांना ‘मयत’ वाटली असावी, कारण ते तडक उठले आणि वर आले.

त्यांनी खिशातून लूमचा पांढरा दोरा काढला. ओट्यावर टोक धरून वर कपाटापर्यंत ताणला, गाठ मारली. मग तिथेच उभे राहिले. बायको शेजारी पोळ्यांची कणीक मळत होती, मधेच तिने पिठाचा डबा उघडला, मिठाची बरणी उघडली. मास्तर बघत होते. मला वाटलं, हिशेब करताहेत. बऱ्याच वेळाने म्हणाले, “सर, उद्या दुकानात मी येतो.”

त्या दुकानात मी पुन्हा पाऊल ठेवायचं नाही, असं त्या दिवसानंतर ठरवून टाकलंय. मास्तरांनी पंचवीसेक मिक्सर खाली उतरवले. आधी दोरा लावायचा. गाठीच्या वर गेला की बाद. मग भांडं लावून चालू करायचा आणि उजवा तळवा मशिनवर ठेवून डोळे मिटायचे. “हे थरथरतं. सहा महिन्यांत बुश जाईल.” सेल्समन म्हणाला, “काका, नवो पीस छे.” मास्तर म्हणाले, “नवा माणूसपण थरथरतो.”

इथवर ठीक होतं. पण यापुढे त्यांनी उजवा हात पॅन्टच्या खिशात घातला आणि तो काही केल्या बाहेर काढेनात. भांडं बसवायचं डाव्या हाताने, काढायचं डाव्या हाताने, झाकण उघडायचं डाव्या हाताने, बटण डाव्या हाताने. हल्लीच्या मिक्सरचं भांडं पिळून बसवावं लागतं आणि झाकणाला घट्ट रबर असतं. एका हाताने ते निघेना. भांडं काउंटरवर घसरायचं, सेल्समन धावायचा, मास्तर म्हणायचे, “बाद.” दुकानातली गिऱ्हाइकं बघायला लागली. एका बाईंनी मला हळूच विचारलं, “काकांना लकवा झालाय का?”

सेल्समनने शेवटी छोट्या स्वयंपाकघरासाठीचा, बाटलीसारखा नाजूक ब्लेंडर पुढे केला. “नाना किचन माटे बेस्ट, काका. एक हाथे चाले.”

“यात ठेचा होतो?”

“आ तो ज्यूस माटे छे.”

मास्तरांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. “ज्यूस पिणारं यांच्या घरात कोणी दिसत नाही.”

अखेर मागच्या फळीवरून एक बुटका, फिकट हिरवा मिक्सर निघाला. दिसायला असा, की माझ्या तक्त्यात त्याला पहिल्याच दिवशी शून्य मिळालं असतं. वॅट कमी, भांडी दोनच. पण भांडं नुसतं वरून ठेवलं की बसायचं, पिळायचं काही नाही. झाकणाला पुढे एक जीभ होती, अंगठ्याने वर केली की टप उघडायचं. मास्तरांनी ते झाकण डाव्या अंगठ्याने सहा-सात वेळा उघडलं, मिटलं. मग डावाच तळवा ठेवून डोळे मिटले. मग खिशातला उजवा हात बाहेर आला आणि बोट हवेत फिरलं.

परतताना स्कूटरवर मी दोनदा ओरडून विचारलं, “डावाच हात का?” त्यांना ऐकू आलं नाही. माझे हात हँडलवर अडकलेले.

बिल्डिंगखाली खोकं उतरवताना त्यांनी माझी बाही धरली आणि मला जिन्याखाली नेलं. आणि मास्तर हळू आवाजात बोलले. इतक्या वर्षांत त्यांचा हळू आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. तो थोडा चिरका होता, वापर नसलेला.

“सर, ताईंचा उजवा हात गेलाय. मनगट. अंगठ्याकडून.”

मी म्हटलं, नाही हो, ती मिक्सरला कंटाळलीय. तिने स्वतः सांगितलंय.

“तीन महिने बघतोय. कपडे डाव्या हातानं पिळते. दुधाची पिशवी डाव्या हातानं घेते. काल कणीक कशानं मळत होती? कोपर टेकून. तुम्ही तिथेच होते.” मग म्हणाले, “कारागीर हात दुखतो असं कधी सांगत नाही, सर. सांगितलं तर त्याच्याकडच्या दोन लूम काढून घेतात. तो म्हणतो, लूम खराब आहे.”

मी खोकं धरून उभा होतो. खरंच, तीन महिने मी काय बघत होतो? वॅट.

“आता घरी जाऊन बोंबलू नका,” ते पुन्हा नेहमीच्या आवाजात म्हणाले, आणि दुसऱ्या मजल्यावरची खिडकी उघडली. “मिक्सर द्या फक्त.”

मिक्सर ओट्यावर बसला; मास्तरांनी खोक्यात टाकलेला दोरा मी बाजूच्या खिळ्याला अडकवला. कपाटाखाली चार बोटं जागा उरली. बायकोने भांडं ठेवलं, आणि सवयीने डावा हात पुढे केला. अंगठा त्या जिभेखाली गेला, झाकण टप उघडलं. ती थांबली. पुन्हा मिटलं, पुन्हा उघडलं.

“तुम्ही निवडलात?”

हो म्हणायची फार इच्छा झाली. “मास्तरांनी.”

तिने उजवा हात पदराखाली घेतला, आणि मग आपण तो लपवतोय हे लक्षात आल्यावर बाहेर काढून ओट्यावर ठेवला. अंगठ्याच्या बुडाशी चांगली सूज होती.

“सांगितलं का नाहीस?”

“सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात, बंद कर डबे. त्यापेक्षा मीच बंद केलेले बरे.”

मी तेच म्हणालो असतो. प्रेमाने म्हणालो असतो, पण तेच.

डॉक्टरांनी मनगटाला पट्टा दिला आणि सहा आठवडे मळणं-पिळणं बंद. डबे बंद झाले नाहीत. वाटण ती डाव्या हाताने करायची आणि कणीक मी मळायचो, तिच्या देखरेखीखाली. तिसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये चित्रकलेचे सर पोळी उजेडाकडे धरून म्हणाले, “वहिनी गावाला गेल्यात का?” मी म्हटलं, नाही, इथेच आहेत. ते म्हणाले, “मग भांडण झालंय का?” हे मी घरी सांगितलं, तेव्हा बायको बऱ्याच दिवसांनी खळखळून हसली. हात बरा झाला. चार डब्यांचे आता सहा झालेत.

मोठा मिक्सर मास्तरांनी नेला. त्यांच्या ओट्यावर कपाटच नव्हतं.

गेल्या वर्षी मास्तरांची मुलगी त्यांना बारडोलीला घेऊन गेली. जावई तिथल्या साखर कारखान्यात आहे. “एकटं कशाला राहायचं,” असं ती म्हणाली, आणि मास्तरांनी ते तिच्या हातांवरून ऐकलं असावं, कारण वाद घातला नाही. सामान छोट्या टेम्पोत मावलं. मास्तर पुढे बसले, मांडीवर माझा साडेसातशे वॅटचा मिक्सर. मी खूण करून विचारलं, तिथे बसेल का ओट्यावर? ते सबंध सोसायटीला ऐकू जाईल असं म्हणाले, “भांडं लावून मोजलंय. मुलीचा ओटा मोठा आहे.” टेम्पो वळेपर्यंत खिडकीतून त्यांचं बोट हवेत फिरत होतं.

फोनचा उपयोग नाही. त्यांना ऐकू येत नाही, आणि फोनवर हात दिसत नाहीत. एकदा मुलीने व्हिडिओ कॉल लावून दिला. माझं क्षेमकुशल त्यांनी बघितलं न बघितल्यासारखं केलं आणि म्हणाले, “ताईंना बोलवा.” बायकोने उजवं मनगट कॅमेऱ्यासमोर धरलं आणि गोल फिरवून दाखवलं. मास्तर मान वाकडी करून बराच वेळ बघत राहिले.

सकाळी स्कूटर काढताना मी अजून खालच्या गॅलरीकडे बघतो. तिथे आता नव्या भाडेकरूंची सायकल लटकते.

या दिवाळीत माळे झाडताना ओट्याच्या बाजूच्या खिळ्याला तो पांढरा दोरा दिसला, गाठीसकट. तेलाने, वाफेने पिवळा पडलेला. मिक्सर बसला, मोजायचं काही उरलं नाही. मी तो काढला आणि केराच्या सुपलीत टाकायला निघालो.

बायकोने उजव्या हाताने तो माझ्याकडून घेतला आणि परत खिळ्याला अडकवला.

“राहू द्या,” ती म्हणाली. “या घरात एक तरी माप बरोबर असू द्या.”